सूज उतरली, पण घोटा तयार झाला का?

वाचकांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. उन्हाळ्यात गुडघे आणि टाचा, जुलैपासून घोटे. शेवाळलेली पायरी, पाण्याखाली न दिसलेला खड्डा, गडावरची निसरडी वाट, मैदानातला चिखल. या खेपेला मुरगळलेल्या पायाचीच पत्रं इतकी आहेत की सगळं पान त्यांनाच देते आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण ती पुढे बहुतेक उत्तरांत येणार आहे. सूज आपोआप उतरते. घोट्याची ताकद आणि तोल मात्र आपोआप परत येत नाहीत, ते मेहनत करून आणावे लागतात. साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तोच पाय मुरगळून आलेल्या माणसांना मी विचारते, ‘पहिल्या वेळी व्यायाम कोणते केले होते?’ उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं: ‘व्यायाम? सूज गेली, मग कामाला लागलो.’

प्रश्न: परवा डोंबिवली स्टेशनवर गाडीतून उतरताना माझा पाय आत वळला. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला लिंबाएवढी सूज आली. लंगडत लंगडत घरी पोचले. शेजारच्या काकू म्हणतात एक्स-रे काढच, आमचे हे म्हणतात दोन दिवस थांब. काय करू? (वय 46, डोंबिवली)

उत्तर: ताई, आधी स्वतःच पाय तपासा, मग ठरवा. 1992 साली कॅनडातल्या ओटावा शहरात डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. पाय मुरगळून आलेल्या जवळपास प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा आणि बहुतेकांचं हाड शाबूत असायचं. हाड मोडल्याची शंका नक्की कोणाच्या बाबतीत घ्यायची, याचे त्यांनी साधे नियम बसवले. आज जगभरच्या अपघात विभागांत ते वापरले जातात, आणि पलंगावर बसून तुम्हालाही ते लावून पाहता येतील.

बाहेरच्या घोट्याचं हाड खाली जिथे संपतं ते टोक बोटाने शोधा. तिथून हाडाच्या मागच्या कडेने वर 6 सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार बोटं, अंगठ्याने दाबत जा. मागची कड, हे महत्त्वाचं. घोट्याच्या पुढच्या आणि खालच्या खळग्यात दाबलंत तर दुखणारच, कारण ताणलेलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा दोर, तिथेच आहे. ते दुखणं हाडाचं नव्हे. मग आतल्या घोट्यालाही तसंच करा. त्यानंतर पायाच्या बाहेरच्या कडेवरून करंगळीपासून टाचेकडे बोट फिरवत या. साधारण मध्यावर हाडाचा एक उंचवटा लागतो. पाय आत वळताना एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, या उंचवट्याला हिसका देते आणि कधीकधी हाडाचा तुकडा उपटते. शेवटी आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड. या चारपैकी कोणत्याही ठिकाणी नेमकं हाडावर दाबून कळ आली, तर एक्स-रे काढा.

राहिली चार पावलं. पाय मुरगळल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही, दोन्ही वेळा चार पावलं टाकता आली नाहीत, तरी एक्स-रे हवाच. लंगडत टाकलेली पावलं चालतात, दुखऱ्या पायावर दोनदा भार पडला म्हणजे झालं. तुम्ही घरी चालत पोचलात, तेव्हा ही अट तुम्ही पार केलेली आहे. हाडावर कुठेच कळ नसेल तर एक्स-रेवाचून निश्चिंत राहायला हरकत नाही. हे नियम मोडलेलं हाड क्वचितच चुकवतात, हीच त्यांची खरी ताकद. उलटं मात्र खरं नाही. कळ आली म्हणजे हाड मोडलंच असं नाही, फक्त फोटो काढून खात्री करायची.

लहान मुलं, पायाला बधिरपणा असलेली माणसं आणि नशेत असलेली व्यक्ती यांच्या बाबतीत या तपासणीवर विसंबू नका. पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार किंवा निळसर पडली असतील, तर काहीही दाबत न बसता थेट हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: आमच्या गावात पाय मुरगळला की हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेतात, वर आंबेहळदीचा गरम लेप. मुलगा म्हणतो बर्फ लाव. खरं काय? (वय 58, मिरज तालुका)

उत्तर: आंबेहळदीशी माझं भांडण नाही. कातडी फुटलेली नसेल तर लेपाने नुकसान होत नाही, गारवा वाटतो, आणि लेप लावलेला पाय माणूस आपसूक वर ठेवून बसतो, हा फायदा मोठा. माझं भांडण ‘गरम’ आणि ‘चोळून’ या दोन शब्दांशी आहे. पहिले दोन-तीन दिवस आत फाटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त झिरपत असतं. त्यावर शेक दिला, जोर लावून चोळलं, तर सूज वाढते. हिसका देऊन ‘शीर बसवणं’ तर अजिबात नको. मुरगळताना कुठलीही शीर जागेवरून सरकलेली नसते. आणि आत हाडाला चीर गेली असेल, तर त्या एका हिसक्याने ती सरकते, साधं दुखणं ऑपरेशनवर जातं. तसे पाय मी पाहिले आहेत, म्हणून इतकं निक्षून सांगते.

बर्फाबद्दलही थोडं. 1978 मध्ये अमेरिकेतले डॉ. गेब मर्किन यांनी विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चौकडी लोकप्रिय केली. पुढे 2014 साली त्यांनीच स्पष्ट केलं, की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी भरून येण्याची क्रिया लांबूही शकते. सूज ही शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे. तेव्हा बर्फ लावायचा तो दुखणं मऊ करण्यासाठी: पातळ ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून काही वेळा, तेही पहिले एक-दोन दिवस. नाही लावला तरी बिघडत नाही. क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, छातीपेक्षा वर, हे मला जास्त गरजेचं वाटतं. बँडेज बोटांच्या मुळापासून सुरू करून वर घोट्यापर्यंत न्या. पुष्कळ जण घोट्यावरच चार वेढे मारतात, मग खालचा पंजा फुगतो. झोपताना सोडून ठेवा.

प्रश्न: मी फिजिओथेरपीची इंटर्न आहे. पाय मुरगळलेल्या एका पेशंटची अँटिरियर ड्रॉवर टेस्ट (घोटा पुढे सरकतो का हे पाहणारी) मी पहिल्या दिवशी केली, ती निगेटिव्ह आली. पाचव्या दिवशी सरांनी केली तर पॉझिटिव्ह. माझं काय चुकलं? (पुणे)

उत्तर: तुझं काही चुकलं नाही, दिवस लवकरचा होता. पहिल्या दोन दिवसांत पाय इतका ठणकत असतो, की पेशंट नकळत पोटरीचे आणि नडगीचे स्नायू आवळून धरतो. आवळलेला घोटा पुढे सरकतच नाही. सूजही हाताला चकवते. अॅमस्टरडॅममधल्या व्हॅन डाइक यांच्या गटाने 1996 साली हेच दाखवून दिलं. चार-पाच दिवसांनी केलेल्या तपासणीत फाटलेलं लिगामेंट शंभरापैकी 96 वेळा ओळखता आलं. त्यांनी तीन खुणा एकत्र पाहिल्या: पुढच्या लिगामेंटवर दाबून दुखणं, काळंनिळं पडणं आणि ड्रॉवर टेस्ट. तू पहिल्या दिवशी ओटावाचे नियम लावलेस आणि पाचव्या दिवशी पुन्हा बोलावलंस, तर पूर्ण तपासणी झाली असं मी म्हणेन.

हात कसा ठेवायचा तेही लिहिते, कारण पुस्तकातल्या चित्रात हे कळत नाही. पेशंटला पलंगाच्या कडेवर बसव, गुडघा वाकलेला, पाय लोंबता. त्यामुळे पोटरी सैल पडते. पंजा थोडा खाली झुकू दे, दहा-वीस अंश. डाव्या हाताने नडगी घोट्याच्या वर धर, उजव्या तळव्यात टाच घे, आणि ओढू नकोस, टाच पुढे वाहून आण. नजर बाहेरच्या घोट्याच्या पुढे ठेव. लिगामेंट पूर्ण तुटलं असेल तर तिथे कातडीला क्षणभर खळी पडते. ती खळी एकदा दिसली की विसरत नाही. आधी नेहमी चांगला पाय तपास, म्हणजे या माणसाचा घोटा मुळातच किती सैल आहे ते कळतं. सैल सांध्यांच्या मुली तर आपल्याकडे भरपूर येतात.

आणि घोट्यापाशीच थांबू नकोस. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला फिब्युलाचं, म्हणजे नडगीच्या बाजूच्या बारीक हाडाचं, डोकं दाबून बघ. पाय बाहेर पिळला गेला असेल तर घोट्याचा जोर दोन हाडांमधल्या पडद्यातून वर चढून तिथे फ्रॅक्चर करतो आणि घोट्याच्या एक्स-रेत ते दिसत नाही. पेशंटला पालथं झोपवून पोटरी दाब, पंजा हलला पाहिजे. हलला नाही तर मामला टाचेच्या कंडरेचा आहे, आणि त्याला वेळ घालवून चालत नाही.

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे, खो-खो खेळते. वर्षभरात तिचा उजवा घोटा तीनदा मुरगळला. दर वेळी पंधरा दिवस विश्रांती घेते, दुखणं थांबतं, मैदानावर जाते आणि पुन्हा तेच. जिल्हा निवड चाचणी जवळ आली आहे. आता खेळ सोडायला सांगावं का? (फलटण तालुका)

उत्तर: दादा, खेळ सोडायला सांगू नका. पंधरा दिवसांची ती विश्रांती बदला. हे पत्र मी दोनदा वाचलं, कारण अशा मुली मला फार भेटतात, आणि त्यांचा खेळ घोट्यामुळे थांबत नाही, अर्धवट उपचारामुळे थांबतो.

पाय आत वळतो तेव्हा सगळ्यात आधी ताणलं जातं ते घोट्याच्या बाहेरच्या-पुढच्या बाजूचं लिगामेंट, जे फिब्युलाला टॅलस या हाडाशी बांधतं. जोर जास्त असेल तर त्याच्या खालचं, टाचेकडे जाणारंही. काही आठवड्यांत तिथे नवं ऊतक भरून येतं. पण लिगामेंट नुसता दोर नाही. पाय कोणत्या कोनात आहे याची खबर मेंदूला देणाऱ्या बारीक मज्जातंतूंच्या टोकांनी ते भरलेलं असतं. 1965 साली ब्रिटनमधल्या फ्रीमन यांनी पहिल्यांदा ठासून मांडलं, की मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा ‘दगा देतो’ त्यामागे ही खबर तुटणं असतं, आणि डुगडुगत्या फळीवर उभं राहण्याच्या सरावाने ती सुधारते. पाय वळतो तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. वळल्यावर स्नायूंनी सावरायचं म्हटलं तर उशीर झालेला असतो. म्हणून पाऊल जमिनीवर पडायच्या आधीच बाहेरचे स्नायू सज्ज पाहिजेत. ही सज्जता पंधरा दिवस खाटेवर बसून येत नाही, उलट जाते.

आता मुलीला उद्देशून लिहिते. बाळ, आधी चार गोष्टी मोजून वहीत लिही, दोन्ही पायांच्या.

भिंतीसमोर उभी राहा, अनवाणी. अंगठा भिंतीपासून थोडा दूर, टाच जमिनीला टेकलेली. गुडघा वाकवून भिंतीला लाव. लागला तर पाऊल थोडं मागे घे, पुन्हा लाव. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो तिथे थांब आणि अंगठा ते भिंत अंतर कंपासपेटीतल्या पट्टीने मोज. माझा अंदाज आहे, तुझ्या उजव्या पायाचं अंतर कमी भरेल. दोन पायांत 2 सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर सांधा पुढच्या बाजूला आखडलाय. आखडलेल्या घोट्याने खांबाला वळसा घेताना टाच लवकर उचलली जाते आणि पाऊल चवड्यावर, म्हणजे मुरगळायला सगळ्यात सोप्या स्थितीत, जातं.

दुसरं, एका पायावर उभी राहून टाच वर-खाली कर, गुडघा ताठ. थकेपर्यंत मोज. डावा पंचवीस करत असेल आणि उजवा चौदाला थांबत असेल, तर तू मैदानात जायच्या स्थितीत नाहीस, दुखत नसलं तरी. तिसरं, एका पायावर उभी राहून डोळे मिट. मैत्रिणीला तुझ्या पंजाकडे बघायला सांग. चांगल्या पायाच्या कंडरा हळूहळू काम करतात, दुखऱ्या पायाच्या नाचत राहतात, बोटं जमीन पकडायला बघतात. चौथं, एका पायावर तोल धरून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने पुढे जमिनीवर जितकं लांब शिवता येईल तितकं शिव आणि तोल न जाता परत ये. अमेरिकेतल्या शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या 2006 सालच्या अभ्यासात, ज्यांच्या दोन पायांत या अंतराचा फरक 4 सेंटीमीटरहून जास्त होता त्यांना त्या मोसमात पायाची दुखापत होण्याचा धोका सुमारे अडीचपट दिसला.

व्यायाम आठवड्यातून किमान तीनदा, आठ आठवडे. नेदरलँड्समध्ये 522 खेळाडूंवर हा प्रयोग झाला, 2009 साली छापून आला. सगळ्यांचा घोटा नुकताच मुरगळला होता. नेहमीच्या उपचारांशिवाय काहीच न केलेल्यांपैकी वर्षभरात 33 टक्क्यांचा पाय पुन्हा मुरगळला. घरच्या घरी, कोणी समोर उभं न राहता आठ आठवडे तोलाचे व्यायाम केलेल्यांचं प्रमाण 22 टक्के. यात महागडं यंत्र कुठेच नव्हतं, म्हणून हा प्रयोग मला मोलाचा वाटतो. फलटण तालुक्यातली मुलगीही ते करू शकते.

सुरुवात सोपी ठेव. पाय लांब करून बसायचं आणि अंगठ्याने हवेत मुळाक्षरं गिरवायची, अ पासून ज्ञ पर्यंत, हलेल तो फक्त घोटा. मग सायकलची जुनी ट्यूब कापून एक टोक टेबलाच्या पायाला बांध, दुसरं पंजाभोवती घे आणि पंजा बाहेरच्या बाजूला ओढ. ओढताना झटका नको आणि परत येताना सावकाश ये, कारण खरी मेहनत परतीत आहे. बाहेरच्या कडेचे हे पेरोनियल स्नायूच तुझे पहारेकरी. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच वर-खाली. भिंतीला गुडघा लावण्याची तपासणी हाच व्यायाम म्हणूनही कर. आणि तोल: दात घासताना एका पायावर. ते जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. तेही जमलं की गोधडीवर उभी राहून मैत्रिणीने टाकलेला चेंडू झेलायचा. नजर चेंडूवर असते, तेव्हा पायाला स्वतःचं स्वतः सांभाळावं लागतं. मैदानात नेमकं तेच लागतं.

दोन्ही पायांची मोजमापं जवळ आली, टाच उचलण्याची संख्या सारखी झाली, की धावणं. आधी सरळ, मग मोठा इंग्रजी आठ, मग छोटा. एका पायावर आडव्या उड्या, दोन खडूच्या रेघांमध्ये 30 सेंटीमीटर अंतर ठेवून, दहा वेळा जाऊन-येऊन. या उड्या न दुखता, न डगमगता झाल्या तरच एकेरी साखळी, म्हणजे चौकांमधून नागमोडी धावणं, सुरू कर, आणि तीही रिकाम्या चौकांतून, आठ जणी बसलेल्या नसताना. त्यानंतर पाठलाग. खांबाचा वळसा आणि सूर सगळ्यात शेवटी. तुझ्या सरांना मी ही विनंती करते: मातीचं मैदान असेल तर खांबापाशी सारख्या वळण्याने जो खळगा पडतो, तो रोज सकाळी भरून, पाणी मारून, ठोकून घ्या. पुष्कळ घोटे त्याच हातभर जागेत जातात.

पहिलं वर्षभर सरावाला आणि सामन्याला नाडीचा घोट्याचा पट्टा घाल. त्याने पाय कमजोर होत नाही, मुरगळण्याचं प्रमाण कमी होतं, हे खेळाडूंवर तपासून पाहिलेलं आहे. मेडिकलमध्ये मिळणारा नुसता लवचिक मोजा वेगळा. तो ऊब देतो, पाय धरून ठेवत नाही.

आणि दादा, निवड चाचणी तीन आठवड्यांवर असेल तर या वर्षी ती सोडावी लागेल कदाचित. मुलीला ते फार लागेल, मला कल्पना आहे. तिला वहीतले आकडे दाखवा. खेळाडू मुलांना ‘आराम कर’ म्हटलेलं पटत नाही, आकडा पटतो. आठ आठवडे मनापासून करूनही घोटा चालता चालता दगा देत राहिला, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून लिगामेंटची आणि आतल्या कूर्चेची, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरच्या गुळगुळीत अस्तराची, तपासणी करून घ्या.

प्रश्न: वडिलांचा पाय दहा दिवसांपूर्वी उंबऱ्यावर मुरगळला. वय 63, पंधरा वर्षांपासून साखर. दुखत काहीच नाही म्हणून ते बिनधास्त चालतात, पण पाऊल सुजलेलं, लालसर आणि गरम आहे. गरम पाण्याने शेकू का? (अकोला)

उत्तर: शेकू नका. आणि हे वाचत असाल त्याच दिवशी त्यांना अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा मधुमेही पायांच्या दवाखान्यात न्या. तोपर्यंत त्या पायावर भार नको, खुर्चीतून, चाकाच्या खुर्चीतून, कसंही न्या. ‘दुखत नाही’ हीच इथे काळजीची गोष्ट आहे. बरीच वर्षं साखर असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना गेलेली असू शकते. अशा पायातली हाडं साध्या मुरगळण्यानंतर ठिसूळ होऊन, माणूस चालत राहिला तर, आतल्या आत ढासळतात आणि कमान खाली बसते. याला शार्को पाय म्हणतात. सुरुवातीचा एक्स-रे चांगला येऊनही हा आजार असू शकतो, त्यामुळे एका नॉर्मल फोटोवर समाधान मानू नका. वेळेत विशेष प्लास्टर घालून भार काढला तर पाऊल वाचतं. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पावलांना स्पर्श करून बघा, सुजलेलं स्पष्ट गरम लागेल, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. संसर्ग आणि रक्ताची गुठळी या शक्यताही तेच तपासतील. आणि गरम पाण्याबद्दल: बधिर पायाला चटका कळत नाही. फोड आल्यावरच कळतं.

प्रश्न: आम्हा दोघा भावांचे पाय एकाच महिन्यात मुरगळले. मला डॉक्टरांनी दहा दिवस प्लास्टर घातलं, भावाला फक्त पट्टा आणि व्यायाम. चूक कोणाची? (लातूर)

उत्तर: बहुधा कोणाचीच नाही. दुखापत कमी-जास्त असेल. साध्या मुरगळण्याला पट्टा आणि लवकर हालचाल हेच उत्तम. पण पहिले काही दिवस पायावर भारच टाकता येत नसेल, तर थोडे दिवस प्लास्टरने फायदा होतो. ब्रिटनमध्ये 584 रुग्णांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा जबर मुरगळीत दहा दिवस गुडघ्याखालचं प्लास्टर घातलेले लोक, नुसता नळीसारखा लवचिक पट्टा घातलेल्यांपेक्षा तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते. नऊ महिन्यांनी मात्र दोघांत फरक उरला नव्हता. हाड शाबूत असताना सहा-सहा आठवडे प्लास्टर घालून ठेवणं मला मान्य नाही. पोटरी वाळते, सांधा आखडतो. तुमचं प्लास्टर निघालं असेल तर वर खो-खोच्या मुलीला सांगितलेली मोजमापं आजच करा. भावालाही करायला लावा.

प्रश्न: सहा आठवड्यांपूर्वी ट्रेकवरून उतरताना पाऊल दगडात अडकलं आणि अंग वळलं. एक्स-रे ठीक होता. सूज फार नव्हती. अजूनही घोट्याच्या वर, नडगीच्या पुढच्या बाजूला दुखतं, जिना उतरताना जास्त. पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर हरिश्चंद्रगड, नळीच्या वाटेने ठरला आहे. पट्टा बांधून जाऊ का? (वय 31, ठाणे)

उत्तर: नाही, पट्टा बांधूनही नको. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला थांबवतात: ‘पाऊल अडकलं आणि अंग वळलं’ आणि ‘घोट्याच्या वर दुखतं’. नेहमीच्या मुरगळीत पाय आत वळतो आणि घोट्याच्या खाली-पुढे दुखतं. पाऊल स्थिर राहून शरीर त्यावर पिळलं जातं, तेव्हा नडगीचं जाड हाड आणि बाजूचं बारीक हाड यांना खालच्या टोकाशी एकत्र बांधणारी लिगामेंटं ताणली जातात. सूज कमी असते, त्यामुळे दुखापत किरकोळ वाटते, पण भरायला नेहमीच्या मुरगळीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. प्रत्येक पावलाला, आणि उतारावर तर जास्तच, ती दोन हाडं एकमेकांपासून फाकायला बघतात.

घरी एवढंच करून पाहा. पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हाताने हाडं एकमेकांकडे दाबा. खाली घोट्याशी कळ गेली तर शंका पक्की धरा. मग बसून, नडगी स्थिर धरून कोणाला तरी पंजा हलकेच बाहेर वळवायला सांगा. त्यानेही तीच कळ आली तर खेळांच्या दुखापती पाहणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा आणि पायावर भार देऊन काढलेला एक्स-रे, गरज पडली तर एमआरआय, यांबद्दल विचारा. झोपून काढलेल्या फोटोत ही फट पुष्कळदा दिसत नाही. हाडं खरंच फाकलेली असतील तर ऑपरेशनही लागू शकतं, म्हणून टाळू नका. दाबून काहीच दुखलं नाही, तरी सहा आठवड्यांनंतरही जिना उतरताना त्रास होतोय, तेव्हा टॅलसच्या कूर्चेला मार लागलाय का हे पाहायलाच हवं.

डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला तरी थेट नळीच्या वाटेला जाऊ नका. तिथे मोठाल्या दगडांवरून तासन्‌तास चढायचं, प्रत्येक दगडाचा कोन वेगळा, आणि पाय गेला तर मध्येच माघारी फिरणं अवघड, खाली आणणारे हातही लवकर मिळत नाहीत. मी माझ्या ट्रेकर पेशंटना आधी अजिंक्यताऱ्याच्या डांबरी रस्त्याने वर-खाली करायला सांगते, मग पायवाटेने, मग पाठीवर सामान घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा आखडलेपणा आला, तर पुढची पायरी नाही. तुम्हाला तिकडे येऊरची चढण आहे, तिथे हेच करा. काठी दोन्ही हातांत, उतारावर पावलं छोटी. मित्रांना आजच कळवा, म्हणजे त्यांना तुमच्या जागी दुसरा गडी पाहता येईल. आणि एमआरआयचा रिपोर्ट आला की त्याची प्रत सदराकडे पाठवा, त्यात व्यायामाने सुधारण्यासारखं काय आहे ते मी तुम्हाला पत्रानेच कळवेन.